हाडाचं सेंट्रिंग

गेल्या वर्षीच्या पिकनिकला आमच्या मंडळाच्या एका उत्साही सभासदांचा व्हॉलीबॉल खेळताना घोटा मोडला, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. (पन्नाशी उलटलेल्यांनी नेटजवळ उडी मारू नये असा ठराव कार्यकारिणीने करावा, अशी एक सूचनाही त्यानंतर आली होती. ती अजून विचाराधीन आहे.) घोट्यात एक प्लेट आणि सात स्क्रू बसले, हाड उत्तम जुळलं. पण प्लेट कातडीखाली हाताला लागते, बूट घातला की टोचते, आणि थंडी पडली की सातही स्क्रू एकेक करून मोजता येतील इतके जाणवतात म्हणे. डॉक्टर म्हणतात, फारच त्रास होत असेल तर काढून टाकू. म्हणजे पुन्हा ऑपरेशन, पुन्हा भूल, पुन्हा टाके, आणि स्क्रूची भोकं भरून येईपर्यंत पुन्हा जपून चालणं. संक्रांतीच्या कार्यक्रमात त्यांनी मला कोपऱ्यात गाठलं आणि विचारलं, "अहो, तुम्ही प्लास्टिकवाले ना? मग हाड जुळलं की आपोआप विरघळून जाणारी प्लेट का नाही हो बनवत तुम्ही लोक?"

हातात तिळगूळ असताना खोटं बोलता येत नाही. म्हणून खरं ते सांगितलं, की बनवतात. साठेक वर्षं त्यावर काम चालू आहे, काही प्रकार बाजारात मिळतातही, आणि तरीसुद्धा तुमच्या सर्जनने तुम्हाला धातूची प्लेट बसवली ते बरंच केलं. यावर त्यांचा चेहरा असा काही झाला, की या वेळच्या सदराला विषय शोधावा लागला नाही.

आधीच सांगतो, मी हाडांचा डॉक्टर नाही. मी पॉलिमर इंजिनिअर. मोटारींच्या प्लास्टिकच्या भागांत काचेचे धागे घालून ते भाग बळकट करायचे, यावर गेली वीस वर्षं आमचं घर चालतं. पण एम.एस. करत होतो तेव्हा आमच्या लॅबच्या शेजारीच हाडांसाठी कंपोझिट बनवणारा एक ग्रुप होता. त्यांचं आणि आमचं हॉट प्रेस एकच. एका नळावर नंबर लावणाऱ्यांची होते तशी आमची मैत्री झाली. तेव्हापासून या विषयावर जे छापून येतं ते मी वाचत आलो आहे.

तर पहिला प्रश्न, धातूच्या प्लेटचं वाईट काय? तसं पाहिलं तर काहीच नाही. ती मोडत नाही, स्वस्त आहे, आणि तिच्यावर सर्जन मंडळींचा हात बसलेला आहे. वाईट एवढंच, की ती फार ताठ आहे. पदार्थाचा ताठपणा आम्ही गिगापास्कल नावाच्या एककात मोजतो. स्टीलचा आकडा सुमारे २००, टायटॅनियमच्या मिश्रधातूचा सुमारे ११०, आणि आपल्या मांडीच्या हाडाच्या कठीण भागाचा १५ ते २०. आता दोघांनी मिळून ओझं उचलायचं ठरवलं आणि त्यातला एक दहापट ताठ असला, तर बहुतेक भार कोणाच्या डोक्यावर जाणार? एकत्र कुटुंबात एखादी मोठी जाऊ सगळं स्वतःच करायला लागली की बाकीच्यांचे हात आपोआप आखडतात, तसंच हाडाचं होतं. त्याला कामच उरत नाही, आणि काम नसलेलं हाड झिजायला लागतं. हाड वापराप्रमाणे घडतं आणि वापराप्रमाणे मोडतं, हा नियम युलियस वोल्फ या जर्मन सर्जनने १८९२ साली ग्रंथरूपाने मांडला. अंतराळवीरांच्या कमरेच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते, ते याच नियमाने. प्लेटखालच्या हाडाचंही थोड्या प्रमाणात तसंच होतं. मग एक दिवस प्लेट काढली की ते अशक्त हाड एकदम कामाला लागतं, आणि कधीकधी पुन्हा मोडतं.

म्हणजे हवी आहे ती प्लेट अशी: सुरुवातीला हाडाइतकीच ताठ, मग हाड सुधारेल तशी हळूहळू मऊ होत जाणारी, आणि शेवटी नाहीशी होणारी. भार एकदम नव्हे, रोज थोडाथोडा हाडाच्या अंगावर सोपवणारी. आपल्याकडे स्लॅब भरताना सेंट्रिंग लावतात ते आठवा. काँक्रीट ओलं आहे तोवर सगळा भार सेंट्रिंगवर. ते लवकर काढलं तर स्लॅब डोक्यावर, आणि काढलंच नाही तर घरात राहायला जायचं कसं? फरक एवढाच, की इथे सेंट्रिंग काढायला मजूर पाठवायचा नाही. फळ्यांनी आपण होऊन, ठरल्या दिवशी, आवाज न करता निघून जायचं आहे.

हे साधायचं तर मुळात हाड म्हणजे काय ते बघायला हवं. शाळेत आपण हाड म्हणजे कॅल्शियम असं शिकलो आणि आई त्या नावाखाली दूध पाजत राहिली. वजनाच्या हिशेबाने हाडात साधारण ६५ टक्के खनिज असतं, हायड्रॉक्सिअपॅटाइट या कॅल्शियम-फॉस्फेटच्या जातीचं. पंचवीसेक टक्के सेंद्रिय भाग, त्यात मुख्य कोलॅजन नावाचं प्रथिन. उरलेलं पाणी. आपल्याकडच्या मुलांना सायन्स फेअरसाठी दरवर्षी विषय हवा असतो, तो इथे फुकट घ्या. कोंबडीच्या तंगडीचं हाड स्वच्छ करून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. व्हिनेगर मधूनमधून बदलत राहा. काही दिवसांनी खनिज विरघळतं आणि हाड रबरासारखं वाकतं. दुसरं हाड ओव्हनमध्ये चांगलं भाजून काढा. कोलॅजन जळतं, आणि हाड खडूसारखं मटकन तुटतं. (शाकाहारी घरांनी शेजाऱ्यांकडून हाड मागावं. व्हिनेगरचा वास दोन्ही घरांत सारखाच.) एकटं खनिज ठिसूळ, एकटं कोलॅजन लुळं, आणि दोन्ही एकत्र आले की त्यावर माणूस ऐंशी वर्षं उभा राहतो. म्हणजे हाड हेच मुळात कंपोझिट आहे. मातीच्या भिंतीत गवत घालणाऱ्या आपल्या आजोबांना हे तत्त्व ठाऊक होतं. शिवाय हाड जिवंत असतं. त्यातल्या काही पेशी जुनं हाड पोखरतात, काही नवीन रचतात, आणि मोठ्या माणसाचा दरवर्षी साधारण एकदशांश सांगाडा असा नव्याने बांधला जातो. दुरुस्तीचं कंत्राट घेतलेले गवंडी आतच आहेत. आपण फक्त त्यांना उभं राहायला जागा द्यायची.

आता विरघळणाऱ्या प्लास्टिकची गोष्ट. दह्यात जे आम्ल असतं तेच लॅक्टिक ॲसिड, आणि जोरात धावल्यावर आपल्या स्नायूंतही तेच तयार होतं. त्याचे रेणू एकापुढे एक जोडून साखळी केली की पॉलिलॅक्टिक ॲसिड, म्हणजे पीएलए. नायलॉनचे जनक वॉलेस कॅरोथर्स यांनी १९३०च्या दशकात ड्यूपाँटमध्ये यावर काम केलं होतं. पण पाण्याने तुटणारं प्लास्टिक कपड्यांच्या धंद्यात कोणाला हवं होतं? हीच खोड शरीरात गुण ठरली. पाणी शिरलं की साखळी तुटते, पुन्हा लॅक्टिक ॲसिड होतं, आणि शरीर त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करून श्वासावाटे बाहेर टाकतं. हल्ली मंडळाच्या कार्यक्रमात 'कंपोस्टेबल' असं लिहिलेले पारदर्शक पेले येतात ना, ज्यांत गरम चहा ओतला की ते मान टाकतात, ते याच पीएलएचे. साठ अंशांच्या आसपास हा पदार्थ मऊ पडतो. हा साठ अंशांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे पीएलए शस्त्रक्रियेसाठी वापरता येईल, असं सांगणारा सुरुवातीचा महत्त्वाचा निबंध १९६६ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकन लष्कराच्या वैद्यकीय प्रयोगशाळेत झालेलं काम. आजही या विषयावरच्या असंख्य लेखांत त्याचा उल्लेख असतो, आणि त्यावर पहिलं नाव आहे आर. के. कुलकर्णी. मी लायब्ररीत तो निबंध पहिल्यांदा पाहिला तेव्हा लेखकाच्या नावावरच बराच वेळ थांबलो होतो. आता कुलकर्णी कर्नाटकातही भरपूर आहेत, तेव्हा आपण लगेच सत्काराची तयारी करायला नको. पण आपल्यातल्या कितीजणांना हे नाव माहीत आहे?

१९७०च्या सुमारास पीएलएच्या चुलतभावाचे, पॉलिग्लायकोलिक ॲसिडचे, विरघळणारे टाके बाजारात आले. आपल्यापैकी अनेकांना ते पडलेही असतील. पण टाका आठवडाभर कातडी धरून ठेवतो, आणि प्लेटला महिनोन्‌महिने माणूस धरून ठेवायचा असतो. ती झेप घेतली फिनलंडने. ट्याम्पेरेचे इंजिनिअर पेर्टी टॉर्मेले आणि हेलसिंकीचे सर्जन पेन्टी रोक्कानेन या जोडीने त्याच पदार्थाचे ताणून बळकट केलेले धागे त्याच पदार्थाच्या गाभ्यात बसवून कांड्या केल्या, आणि १९८४ साली त्या माणसांत वापरल्या. योगायोग पाहा, सुरुवात केली ती मोडलेल्या घोट्यांवर. हाडं जुळली. दुसऱ्या ऑपरेशनची गरज राहिली नाही. सगळीकडे आनंदीआनंद.

मग काही महिन्यांनी त्यातले थोडे रुग्ण सूज घेऊन परत यायला लागले. जखमेतून पाणी येई, पण तपासलं तर जंतू नाहीत. कांडी इतक्या घाईने विरघळत होती, की तो सगळा चुरा आणि आम्ल वाहून नेणं आसपासच्या पेशींना झेपत नव्हतं. बरं, मग हळू विरघळणारा पदार्थ घ्या. नेदरलँड्समधल्या ख्रोनिंगेन इथल्या सर्जननी दहा रुग्णांच्या गालाच्या मोडलेल्या हाडांवर हळू विरघळणाऱ्या पीएलएच्या प्लेटा बसवल्या. पहिली दोन वर्षं कोणाची तक्रार नाही. तीन वर्षांनी काही जण गाल सुजवून आले. उघडून बघतात तर प्लेट गेली होती, पण तिचे बारीक स्फटिकांसारखे कण तिथेच होते, आणि शरीर त्यांच्याशी झगडत बसलं होतं. पाच वर्षं उलटली तरी ते कण संपलेले नव्हते. हे सगळं त्या डॉक्टरांनी १९९०च्या दशकात स्वतःच प्रसिद्ध केलं, याबद्दल मला त्यांचं फार कौतुक वाटतं. ज्या प्लेटा आपणच बसवल्या त्यांच्याबद्दल असं लिहायला धैर्य लागतं.

आणखी एक भानगड होती. तर्क असा सांगतो, की साबणाची वडी बाहेरून झिजते तशी प्लेटही बाहेरून झिजेल. पण जाड तुकड्यात उलटंच दिसलं. फ्रान्समधल्या माँपेलियेचे मिशेल व्हेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या सुमारास हे नीट उलगडून दाखवलं. पाणी तर सगळीकडे शिरतं. बाहेरच्या थरात तयार झालेलं आम्ल धुऊन जातं, पण आतलं आत अडकतं. आम्लामुळे साखळ्या आणखी वेगाने तुटतात, त्यातून आणखी आम्ल. हापूसमध्ये साका पडावा तसं. वरून साल पिवळीधमक, आणि कापलं तर आत पांढरट भुगा. मग एक दिवस साल फुटते आणि आतलं सगळं आम्ल एकदम बाहेर येतं.

इथे कंपोझिटचा प्रवेश होतो. पीएलएमध्ये कॅल्शियम-फॉस्फेटची बारीक पूड मिसळली तर? एक तर ताठपणा वाढतो. नुसत्या पीएलएचा आकडा तीन-साडेतीन, तो वर सरकतो. दुसरं, ही पूड अल्कलीकडे झुकणारी, त्यामुळे आतल्या आत आम्ल मारलं जातं. आपण पित्तावर चघळायच्या गोळ्या घेतो, त्यांतही बऱ्याचदा कॅल्शियमच असतं. तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठं: हाडाच्या पेशींना ही पूड ओळखीची वाटते. गुळगुळीत प्लास्टिकभोवती शरीर एक पातळ पडदा विणून त्याला वाळीत टाकतं. खनिज दिसलं की पेशी येऊन बसतात आणि कामाला लागतात. पूड कोणती, यावरही वेळेचं गणित बदलतं. हायड्रॉक्सिअपॅटाइट वर्षानुवर्षं टिकतं, तर ट्रायकॅल्शियम फॉस्फेट त्यामानाने लवकर जातं. फ्लोरिडाच्या लॅरी हेंच यांनी १९६९ साली बनवलेली काचही यात घालतात. १९६७ साली ते एका परिषदेला बसने जात असताना शेजारी व्हिएतनामहून परतलेला एक कर्नल बसला होता. तो म्हणाला, माणसं मारणारी साधनं बनवता येतात, तर माणसाच्या शरीरात टिकेल असा पदार्थ का नाही बनवता येत? हेंच तोवर किरणोत्साराला टिकणाऱ्या वस्तूंवर काम करत होते. त्यांनी सोडा, चुना, वाळू आणि थोडं फॉस्फरस ऑक्साइड यांची काच केली. ती उंदरांच्या हाडात बसवली, तर हाडाने ती इतकी घट्ट धरली की सर्जनला ती काढता येईना.

एवढं सगळं जुळून आलं, मग अडलं कुठे? अडलं ते सांध्यात. हाडांच्या नव्हे, पूड आणि प्लास्टिक यांच्यातल्या सांध्यात. इथे मात्र मी अधिकाराने बोलू शकतो, कारण मोटारीचा भाग असो की माणसाचा, कंपोझिट मोडतं ते याच जागी. थालीपिठात कांदा जास्त झाला की तव्यावर उलटताना त्याचे तुकडे पडतात. खनिजाचंही प्रमाण वाढवत नेलं की तुकडा ताठ होतो पण तडकतो. बरं, पूड जितकी बारीक तितकं चांगलं म्हणावं, तर अगदी बारीक पूड उपम्यातल्या रव्यासारखी गुठळ्या करते, आणि प्रत्येक गुठळी म्हणजे तड्याला आयतीच वाट. त्यातून खनिजाला पाणी प्रिय आणि प्लास्टिकला त्याचं वावडं. कोरड्या लॅबमध्ये दोघं गोडीगुलाबीने राहतात. सलाईनमध्ये बुडवलं की पाणी नेमकं दोघांच्या मधून शिरतं, आणि पकड सुटते. त्यामुळे कोरड्या नमुन्याचे आकडे छापून "आमचा पदार्थ हाडाइतका बळकट" असं कोणी म्हणालं, की मी पहिल्यांदा शोधतो तो आठ आठवडे पाण्यात ठेवल्यानंतरचा आकडा. तो बहुधा पुढच्या पानावर, लहान अक्षरात असतो. कधीकधी नसतोच.

यावर उपाय चालू आहेत. काचेच्या धाग्यांना आम्ही सिलेन नावाचं रसायन चोपडतो, ज्याचं एक टोक काचेला धरतं आणि दुसरं प्लास्टिकला. तसंच इथे करून पाहिलं गेलं. चीनमधल्या चांगचुनच्या संशोधकांनी त्याहून नामी युक्ती केली. खनिजाच्या कणांवरच पीएलएच्या आखूड साखळ्या उगवल्या, म्हणजे कण प्लास्टिकमध्ये परका राहत नाही. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला फॉस्फेट काचेचे विरघळणारे धागे ओढतात. पूड नुसती भर घालते, धागा ताण घेतो, म्हणून माझा व्यक्तिशः ओढा या बाजूला आहे. आणि जपानच्या शिकिनामी आणि ओकुनो यांनी १९९९ साली वेगळाच मार्ग दाखवला. कंपोझिट वितळवून साच्यात ओतण्याऐवजी त्यांनी ते लोहारकामासारखं दाबून घडवलं, म्हणजे साखळ्या एका दिशेत लागतात. त्यांच्या तुकड्याचं वाकतानाचं बळ हाडाच्या बरोबरीला आलं, ताठपणाही बराच जवळ पोचला. त्यातून निघालेल्या प्लेटा आणि स्क्रू जपानमध्ये चेहऱ्याच्या आणि जबड्याच्या ऑपरेशनांत वापरात आहेत.

इथवर मोडलेलं हाड जुळवण्याची गोष्ट झाली. पण अपघातात किंवा कॅन्सरच्या ऑपरेशनात हाडाचा चांगला लांब तुकडाच गेला तर? दोन टोकं एकमेकांना दिसतच नसतील तर ती जुळणार कशी? आजही सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे रुग्णाच्याच कमरेचं थोडं हाड काढून तिथे भरायचं. पण कमरेत हाड काही कोठीतल्या धान्यासारखं साठवलेलं नसतं, आणि काढल्या जागेचं दुखणं कधीकधी मूळ दुखण्यापेक्षा जास्त दिवस पुरतं. म्हणून टिश्यू इंजिनिअरिंग. रॉबर्ट लँगर आणि जोसेफ व्हॅकांटी यांनी १९९३ साली 'सायन्स' या नियतकालिकात या शास्त्राची जी मांडणी केली ती थोडक्यात अशी: विरघळणाऱ्या पदार्थाचा सच्छिद्र साचा करा, त्यात पेशी पेरा, शरीरात ठेवा, आणि पेशी आपलं घर बांधतील तसा साचा निघून जाऊ द्या. कारल्याचा वेल चढेपर्यंत मांडव लागतो, तसा. १९९७ साली उंदराच्या पाठीवर माणसाच्या कानाच्या आकाराची कूर्चा वाढवल्याचं ते छायाचित्र आठवतंय? जगभर झळकलं होतं. तो कानही पॉलिग्लायकोलिक आणि पॉलिलॅक्टिकच्याच साच्यावर वाढला होता.

आता या मांडवात इंजिनिअरची कशी कोंडी होते पाहा. पेशी आणि रक्तवाहिन्या आत शिरायच्या तर छिद्रं निदान १०० मायक्रॉन हवीत, ३००च्या वर असली तर उत्तम, आणि सगळी एकमेकांना जोडलेली हवीत. म्हणजे साच्यात ऐंशी टक्के पोकळी. पण असल्या स्पंजसारख्या पदार्थाचा ताठपणा साधारणपणे घन भागाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. घन भाग पाचव्या हिश्शावर आणला, की ताठपणा पंचविसाव्या हिश्शावर. साडेतीनचा आकडा शून्य पूर्णांक चौदा शतांशावर येतो. हाडाच्या आतल्या जाळीदार भागासाठी हे चालतं, पण नडगीच्या कठीण भागाच्या जवळपासही नाही. म्हणून असा साचा बसवला तरी बाहेरून प्लेट किंवा सळई लागतेच. आणि खरी मेख तर पुढेच आहे. पेशी रक्तवाहिनीपासून दोन दशांश मिलिमीटरपेक्षा फार लांब जगत नाही. उंदराच्या हाडातला साच्याचा तुकडा पाच मिलिमीटरचा असतो, कडेने रक्तवाहिन्या आत येईपर्यंत निभावून जातं. माणसाच्या नडगीत पाच सेंटिमीटर मधोमध बसलेल्या पेशीने तोवर काय खायचं? वर्तमानपत्रांत "आता हाड प्रयोगशाळेत तयार" अशी बातमी वर्षातून दोनदा येते, त्यात हा पाच मिलिमीटर आणि पाच सेंटिमीटरचा फरक कधी लिहिलेला नसतो.

तरी काही गोष्टी पुढे गेल्या आहेत. इटलीच्या संशोधकांनी २००१ साली रुग्णांच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी सच्छिद्र खनिजाच्या साच्यावर वाढवून हातापायांतल्या मोठ्या उणिवा भरल्या, तीन रुग्णांच्या, आणि सहा-सात वर्षांनी पाहिलं तेव्हाही ते जोड पक्के होते. खनिजाचा साचा मात्र लवकर विरघळत नाही, म्हणून पुन्हा कंपोझिटकडे यावं लागतं. सिंगापूरने पॉलिकॅप्रोलॅक्टोन नावाचं प्लास्टिक थरावर थर देऊन छापायला घेतलं. कवटीला पाडलेलं भोक बुजवायच्या त्यांच्या बुचांना २००६ साली अमेरिकेच्या एफडीएची परवानगी मिळाली. हे प्लास्टिक दोन-तीन वर्षं सावकाश जातं आणि आम्लाचा लोंढा सोडत नाही. त्यात ट्रायकॅल्शियम फॉस्फेट मिसळलं की ते हाडाशी अधिक सलगी करतं. रक्तपुरवठ्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या सर्जननी रुग्णाचीच रक्तवाहिनी असलेला ऊतीचा पट्टा अशा छापील साच्याभोवती आणि आत गुंडाळला, आणि २०१७ साली ब्रिस्बेनमध्ये एका रुग्णाची नडगी या पद्धतीने वाचवली. मला यातलं हेच आवडतं, की जिथे रसायन थकलं तिथे त्यांनी शिंप्याचं डोकं चालवलं.

हे सगळं इतकं हळू का चालतं, असं आमच्या सौ.ने हा मजकूर वाचून विचारलं. त्याचं एक कारण त्या साठ अंशांत आहे. मोटारीचा भाग पंधरा वर्षं टिकेल का हे आम्ही तापवून, भिजवून काही आठवड्यांत पारखतो. तीन वर्षांत विरघळणारी प्लेट सत्तर अंशांच्या पाण्यात ठेवली तर तीही काही दिवसांत विरघळते, पण साठ अंशांच्या वर पीएलए मऊ पडलेलं असतं. शरीरात सदतीस अंशांना असतो तो पदार्थच तो राहत नाही. त्या घाईच्या परीक्षेतला निकाल फसवा. म्हणजे तीन वर्षांचं उत्तर हवं तर तीन वर्षं थांबायचं. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला ते परवडत नाही आणि पैसे घालणाऱ्याला त्याहून नाही. निर्जंतुक करण्याचंही तसंच. धातूची प्लेट १२१ अंशांच्या वाफेत घालतात. ही तिथे घातली तर चहाच्या पेल्यासारखी मान टाकेल. गॅमा किरण द्यावेत तर साखळ्या आधीच तुटतात, आणि प्लेट शरीरात जाण्यापूर्वीच म्हातारी होते.

तेव्हा घोटा, मांडी, खुबा, जिथे सगळं अंग पेलायचं आहे, तिथे आज तरी मुख्यतः धातूच. भारतातून आलेले आई-वडील बर्फावरून घसरून खुबा मोडून घेतात, त्या वेळी कोणी विरघळणाऱ्या प्लेटचा आग्रह धरू नये. त्यांना लवकर उभं करणं महत्त्वाचं असतं. पण तान्ह्या बाळांच्या कवटीच्या ऑपरेशनात ही प्लास्टिकं १९९६ पासून इथे वापरात आहेत, आणि तिथे त्यांना तोड नाही. वाढत्या कवटीत धातूची प्लेट हळूहळू आत सरकते. विरघळणारी साधारण वर्षभरात नाहीशी होते आणि डोकं आपलं वाढत राहतं. आणि सॉकर, बास्केटबॉल खेळणाऱ्या आपल्या मुलामुलींपैकी ज्यांच्या गुडघ्यातला एसीएल तुटून पुन्हा बसवावा लागला, त्यांच्यातल्या काहींच्या हाडात पीएलए आणि कॅल्शियम-फॉस्फेटच्या कंपोझिटचा स्क्रू असेलही. ऑपरेशनचे कागद मागवून बघा, बसवलेल्या वस्तूचं नाव त्यात लिहिलेलं असतं.

एक गोष्ट विशेषतः शाकाहारी मंडळींसाठी. दात काढल्यावर किंवा इम्प्लांट बसवण्यापूर्वी डेंटिस्ट जबड्यात पांढरी पूड भरतात. ती पुष्कळदा प्रक्रिया केलेल्या गाईच्या हाडाची असते. हाड वाढवणारं प्रथिन ज्या कोलॅजनच्या स्पंजवर देतात, तोही गाईचाच. वैद्यकीय दृष्ट्या त्यात गैर काही नाही, आणि ज्यांना चालतं त्यांचा प्रश्नच नाही. ज्यांना चालणार नाही त्यांनी खुर्चीत तोंड उघडण्यापूर्वी विचारावं, कारण ट्रायकॅल्शियम फॉस्फेटसारखे कारखान्यात बनवलेले पर्यायही असतात. आमच्या ओळखीच्या एका काकूंना हे बरोबर वेळेवर कळलं. डॉक्टरांनी लगेच दुसरी बाटली काढली. पीएलएच्या स्क्रूबद्दल मात्र त्यांना आता वेगळीच शंका आहे. तो मक्याच्या साखरेपासून बनतो असं मी सांगितल्यावर त्यांनी विचारलं, मग तो चातुर्मासात चालेल का?